एका गाण्यापायी अडलेला गेम

एखादा जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे कथेतलं पात्र होऊन खेळायचा गेम, जपानबाहेर का आला नाही, असं विचारलं की खेळणाऱ्यांकडून एक उत्तर हमखास मिळतं: 'परदेशातल्या लोकांच्या तो पचनी पडला नसता.' मी टोकियोत लोकलायझेशनचं, म्हणजे गेम दुसऱ्या भाषेत नेण्याचं, काम करते. असे निर्णय ज्या बैठकांत होतात तिथं जाणारा अहवाल मला तयार करावा लागतो, आणि 'पचनी पडणार नाही' हे कारण त्यात लिहायची वेळ क्वचितच येते. लिहावी लागते ती अक्षरांची संख्या, प्रोग्रामरचे दिवस, करारातलं एखादं कलम आणि कन्सोलचं, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राचं, उरलेलं आयुष्य. गेम परदेशात जायचा राहतो तो बहुतेक वेळा मुदतीच्या हिशेबात. हे एका प्रकरणावरून सांगते, कारण या सगळ्या अडचणी त्या एकाच गेममध्ये एकापाठोपाठ समोर आल्या आणि तो अडला तो मात्र कुणाच्याही यादीत नसलेल्या जागी.

गेम मूळचा पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलवरचा, २०११ च्या सुमाराचा. जपानात बरा खपला, बाहेर कधीच गेला नाही. आता तो निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आणि पीसीवर नव्याने काढायचा होता आणि त्यासोबत इंग्रजी आवृत्ती करायची की नाही, हे एका बैठकीत ठरायचं होतं. कंपनीचं किंवा गेमचं नाव इथं देता येणार नाही. समजून घ्यायला त्याची गरजही नाही.

अशा चाचपणीत पहिलं काम म्हणजे मजकूर मोजणं. जपानी मजकूर शब्दांत मोजत नाहीत, अक्षरांत मोजतात, कारण लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडलेलीच नसते. गेमच्या फाइलींतून सगळा मजकूर बाहेर काढला की त्यात नुसते संवाद नसतात. 'इथं थांब', 'इथून रंग बदल', 'या पात्राचा चेहरा दाखव', 'ही आवाजाची फाइल वाजव' अशा खुणा ओळीओळीत पेरलेल्या असतात. त्या काढायच्या, जशाच्या तशा दोनदा आलेल्या ओळी एकदाच धरायच्या, प्रोग्रामरांनी स्वतःच्या तपासणीसाठी लिहिलेला मजकूर वगळायचा. एवढं करून या गेममध्ये साधारण १८ लाख अक्षरं उरली.

हा आकडा मोठा वाटेल, पण या प्रकारच्या गेममध्ये तो अगदीच वेगळा नाही. फाल्कॉम कंपनीच्या 'ट्रेल्स इन द स्काय'च्या पहिल्या भागात सुमारे १५ लाख जपानी अक्षरं होती. दुसऱ्या भागाचा पसारा इतका की जपानात तो पीएसपीवर दोन चकत्यांवर द्यावा लागला. आकडा फुगतो तो मुख्य कथेमुळे नव्हे. गावातला पाववाला, बंदरावरचा हमाल, शाळेतली पोरं यांच्याशी प्रत्येक प्रसंगानंतर पुन्हा बोललं तर ते नवं काहीतरी बोलतात. खेळणाऱ्याने दहा टक्के संवाद वाचले तरी भाषांतरकाराला शंभर टक्के करावे लागतात, आणि माझ्या मते या गेमांचा जीव नेमका याच संवादांत असतो. ते कापून इंग्रजी आवृत्ती स्वस्तात काढा, असा प्रस्ताव अधूनमधून येतो. तसं करण्यापेक्षा गेम न काढलेला बरा.

आता गणित. कसलेला भाषांतरकार दिवसाला साधारण ४,००० अक्षरं करतो. १८ लाखांना ४,००० ने भागलं की ४५० दिवस. तीन जणांत वाटले तर १५० कामाचे दिवस, म्हणजे सात महिने. तीनाऐवजी आठ जण लावून तीन महिन्यांत संपवावं असं विक्री विभागाला नेहमी वाटतं, पण आठ जणांनी केलं की नायिका पहिल्या अध्यायात एका ढंगाने बोलते आणि तिसऱ्यात दुसऱ्या. मग ते सगळं एका हाताखाली आणण्यात संपादकाचे वाचलेले महिने जातात. अक्षरामागे १० येन धरले तरी नुसत्या भाषांतराचे १ कोटी ८० लाख येन होतात. संपादन, मजकूर गेममध्ये बसवणं आणि भाषेची चाचणी धरली की आमच्या अंदाजात रक्कम दुपटीच्या पुढे गेली.

शिवाय मजकूर ज्या रूपात हाती येतो त्यावर वेग ठरतो. जुन्या गेमच्या तक्त्यात ओळी कथेच्या क्रमाने नसतात, फाइलीच्या क्रमाने असतात. कोण बोलतंय हा रकानाच नसतो. जपानीत कर्ता गाळून बोलणं नेहमीचं, आणि क्रियापदावरून बाई की बुवा हे कळत नाही. 'तो गेला' की 'ती गेली' हे ठरवायला भाषांतरकाराला तो प्रसंग प्रत्यक्ष बघावा लागतो. म्हणून काम सुरू होण्याआधी प्रत्येक ओळीसमोर बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग लिहून घ्यावा लागतो. ही तयारी कुणी केलेली नसेल तर चार हजारांचा वेग अडीच हजारांवर येतो, आणि पुढच्या सगळ्या तारखा सरकतात.

तारखा सरकल्या की काय होतं, ते या गेमच्या जुन्या फाइलीतच होतं. २०११ मध्येही इंग्रजी आवृत्तीचा विचार झाला होता आणि नकाराचं कारण एका ओळीत नोंदलं होतं: आवृत्ती तयार होईपर्यंत अमेरिकेतल्या दुकानांत पीएसपीला फळी उरणार नाही. अंदाज बरोबर होता. जपानात तेव्हा 'मॉन्स्टर हंटर'च्या जोरावर पीएसपी ऐन भरात होती, पाश्चात्त्य बाजारात मात्र ती उतरणीला लागली होती. त्या वर्षाच्या शेवटी जपानात आणि २०१२ च्या फेब्रुवारीत बाहेर पीएसपीची जागा घेणारी व्हिटा आली. उत्तर अमेरिकेत पीएसपीचा पुरवठा २०१४ च्या जानेवारीत थांबला. २०११ च्या जानेवारीतलं 'वाल्किरिया क्रॉनिकल्स ३' आणि ऑक्टोबरमधलं 'फायनल फँटसी टाइप-०' हे दोन्ही पीएसपीवर इंग्रजीत आलेच नाहीत. दुसऱ्याचं नशीब असं की २०१५ च्या मार्चमध्ये तो प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर नव्या रूपात बाहेर पडला. पहिला अधिकृतपणे अजून जपानीतच आहे, आणि त्याच मालिकेचा दुसरा भाग त्याच पीएसपीवर २०१० मध्ये इंग्रजीत निघाला होता. मालिका तीच, कन्सोल तेच; मधे एक वर्ष गेलं एवढंच.

हे आजचं नाही. पहिली 'फायनल फँटसी' जपानात १९८७ च्या डिसेंबरात आली आणि अमेरिकेत १९९० मध्ये. तोवर जपानात तिसरा भाग विक्रीला लागला होता. दुसऱ्या-तिसऱ्या भागाची इंग्रजी करून संपेपर्यंत नवं सुपर निन्टेन्डो बाजारात येणार होतं, आणि ते १९९१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आलंही. जुन्या यंत्रासाठी गेमच्या काडतुसांची (कार्ट्रिजची) ऑर्डर द्यायची तर तिचे पैसे आगाऊ भरावे लागत. न खपलेला माल प्रकाशकाच्या गळ्यात. म्हणून दोन्ही भाग सोडून दिले आणि चौथा भाग अमेरिकेत 'दोन' या क्रमांकाने विकला. पाचवाही राहिला, सहावा 'तीन' झाला. तिसऱ्या भागाचं अधिकृत इंग्रजी रूप आलं ते २००६ मध्ये, तेही निन्टेन्डोच्या डीएस या हातातल्या कन्सोलसाठी नव्याने बांधलेल्या गेममधून. 'मदर ३'ची गोष्ट याच जातीची: गेमबॉय अॅडव्हान्सवर तो जपानात निघाला २० एप्रिल २००६ ला, आणि गेमबॉयची जागा घेणारं डीएस २००४ च्या अखेरीपासून दुकानांत होतं. त्याचं अधिकृत इंग्रजी आजतागायत नाही.

आमच्या गेमपुरती ही अडचण आता संपली होती. एका देशातला गेम दुसऱ्या देशातल्या यंत्रावर चालू न देणारं प्रदेशाचं कुलूप स्विचवर नाही आणि डाउनलोड विक्रीत न खपलेला माल अंगावर पडत नाही. उरला प्रश्न प्रोग्रामचा.

जपानी गेमच्या पोटात मजकूर कसा ठेवलेला असतो, हे माहीत नसलेल्याला 'नुसतं भाषांतर तर करायचं' असं वाटणं साहजिक आहे. या गेममध्ये वस्तूच्या नावाला २० बाइटांचा ठरावीक खण होता. जपानी अक्षर दोन बाइटांचं, म्हणजे शेवटच्या खुणेचा बाइट सोडून नऊ अक्षरं बसतात, आणि नऊ जपानी अक्षरांत नाव ऐसपैस मावतं, कारण औषधाचं नाव तीन कांजींत, म्हणजे चित्रलिपीतल्या तीन अक्षरांत, होतं. इंग्रजीला त्याच खणात शेवटची खूण सोडून १९ अक्षरं मिळतात. 'मोठ्या जखमेवरचं उत्तम औषध' एकोणीस रोमन अक्षरांत लिहून बघा. खण वाढवावा तर त्यापुढचे सगळे पत्ते सरकतात, आणि ते पत्ते प्रोग्राममध्ये दोनशे ठिकाणी आकड्यांनी लिहिलेले असतात. एक ठिकाण सुटलं की दुकानात तलवारीवर टिचकी मारल्यावर गेम बंद पडतो.

संवादाची चौकट तीन ओळींची, ओळीत २२ जपानी अक्षरं, मिळून ६६. तेवढ्या आशयाला इंग्रजीत साधारण दुप्पट अक्षरं लागतात. अर्ध्या रुंदीचा इंग्रजी टाइप वापरला तर १३२ जागा मिळतात, म्हणजे जेमतेम. त्यातही जपानी ओळ कुठल्याही अक्षरावर तोडता येते, इंग्रजी शब्द तसा तोडता येत नाही, त्यामुळे ओळीच्या शेवटी जागा वाया जाते. 'आय'ला कमी आणि 'डब्ल्यू'ला जास्त रुंदी देणारा टाइप बसवला की प्रश्न बराचसा सुटतो, पण त्यासाठी अक्षर काढणारा आणि ओळ मोडणारा असे दोन्ही कोड नव्याने लिहावे लागतात.

सगळ्यात वेळ खातात ते तुकडे जोडून बनवलेले संदेश. खजिन्याची पेटी उघडली की 'अमक्याला तमुक मिळालं' असं वाक्य गेम स्वतः जुळवतो. जपानीत वस्तू बदलली तरी क्रियापद हलत नाही, म्हणून कोडमध्ये एकच साचा असतो. मराठीत हाच साचा चालवून बघा: तलवार मिळाली, भाला मिळाला, चिलखत मिळालं, बाण मिळाले. इंग्रजीत लिंगाची भानगड नाही, पण 'अ' की 'अॅन', एक की अनेक, हे आहेच. फ्रेंच आणि जर्मन पुढे करायची असेल तर लिंगही आलं. प्रत्येक वस्तूला व्याकरणाची माहिती चिकटवावी लागते आणि संदेश जुळवणारा भाग पुन्हा लिहावा लागतो. लढाईचे संदेश तर बहुधा मजकुराच्या फाइलीत नसतातच, थेट कोडमध्ये टंकलेले असतात. मजकूर मोजताना ते हाती लागत नाहीत आणि चाचणीच्या वेळी जपानी अक्षरं डोकं वर काढतात.

याशिवाय नाव टंकायचा, काना या जपानी ध्वनिलिपीचा तक्ता, पन्नास ध्वनींच्या (जपानी वर्णमालेच्या) क्रमाने लावलेली वस्तूंची यादी, आणि चित्रांत कोरलेला मजकूर: अध्यायांची कुंचल्याने लिहिलेली शीर्षकं, दुकानांच्या पाट्या, नकाशा. चित्रांच्या मूळ थर असलेल्या फाइली असल्या तर दोन दिवसांचं काम, नसल्या तर चित्र पुन्हा रंगवायचं. जुन्या गेमचं मूळ साहित्य शाबूत असेल असं धरून चालता येत नाही. 'किंगडम हार्ट्स'सारख्या नावाजलेल्या गेमची २०१३ ची एचडी आवृत्ती करताना मूळ साहित्यच हरवल्याचं लक्षात आलं आणि बरंचसं नव्याने करावं लागलं. लहान स्टुडिओ बंद पडले, संगणक विकले गेले, की सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ प्रोग्रामही, गेला.

काही गेमांत भाषा इतकी खोल रुजलेली असते की कोड बदलूनही भागत नाही. स्क्वेअरचा १९९६ चा 'रुद्रा नो हिहो' घ्या. त्यात मंत्र खेळणाऱ्याने स्वतः रचायचे असतात: काना अक्षरं जोडून शब्द करायचा, मूळ शब्दाला ठरावीक उपसर्ग-प्रत्यय लावले की मंत्राचा जोर बदलतो. ही रचना अक्षरागणिक ध्वनी असलेल्या लिपीवर उभी आहे. रोमन लिपीत एका ध्वनीला दोन-तीन अक्षरं लागतात, लांबीची मर्यादा मोडते, आणि प्रत्ययांचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. देवनागरीत तो जवळपास जसाच्या तसा बसला असता. चाहत्यांनी २००३ मध्ये इंग्रजी करताना ही व्यवस्था नव्याने बांधली. अधिकृत इंग्रजी कधी झालं नाही.

आमच्या गेममध्ये सुदैवाने असलं काही नव्हतं, निदान तोवर तसं वाटत होतं. सोर्स कोड मिळाला होता. स्विचसाठी अक्षर काढणारा भाग असाही नव्याने लिहायचा होता, तेव्हा त्यातच बदलत्या रुंदीची सोय करू, असं प्रोग्रामर म्हणाले. खण मोकळे करणं, संदेश सुटे करणं, यादीचा क्रम, नावाचा तक्ता धरून त्यांनी ६० दिवस मागितले. हा खर्च सोसण्याजोगा होता.

आशयाच्या तपासणीत फार काही निघालं नाही. देवळाच्या खुणेसाठी नकाशावर 'मान्जी' होती, म्हणजे आपल्या स्वस्तिकाची बहीण. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर जी खूण शुभ म्हणून छापतात ती जर्मनीत कायद्याच्या अंगाने तपासावी लागते. तिच्याऐवजी तोरीचं, म्हणजे जपानी देवळाच्या कमानीचं, चित्र टाकायचं ठरलं. दारू, धर्म, कपडे यांवरून नव्वदच्या दशकात जी कात्री चालायची ती आता तेवढी उरलेली नाही. तेव्हा 'होली', म्हणजे 'पवित्र', नावाचा मंत्रसुद्धा अमेरिकी 'फायनल फँटसी'त 'व्हाइट' आणि पुढे 'पर्ल' झाला होता.

हक्कांचा ढीग मात्र जाड होता. बाहेरच्या मालकीची पात्रं वापरणाऱ्या गेमांचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. 'सुपर रोबो ताइसेन' मालिकेत डझनभर अॅनिमेंतले यंत्रमानव एकत्र येतात. प्रत्येकाचे परदेशी हक्क वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कंपन्यांकडे. म्हणून २००६ मध्ये अमेरिकेत पोहोचले ते मालिकेतले 'ओरिजिनल जनरेशन'चे दोन भाग, ज्यांतली पात्रं कंपनीची स्वतःची होती. आमच्याकडे पात्रं घरचीच होती. कलाकारांचे आवाज ठेवायचे तर त्यांच्या एजन्सींची संमती आणि वेगळं मानधन लागतं. जुने करार 'जपान, पीएसपी' एवढ्यापुरते असतात. चाळीसेक कलाकार, काही निवृत्त, एकजण हयात नाही. किचकट, पण होण्यासारखं. एजन्सी सहसा अडवत नाहीत, त्यांच्या कलाकाराचं जुनं काम पुन्हा ऐकलं जावं असं त्यांनाही वाटतं.

राहिलं शीर्षकगीत. एका बाहेरच्या गायिकेचं, रेकॉर्ड कंपनीने गेमच्या जाहिरातीसोबत गाणं विकायचं अशा बोलीवर दिलेलं. असे करार जपानात सर्रास होतात, दोघांचाही फायदा असतो. अहवालात मी ते 'बदलण्याजोगं' या रकान्यात टाकलं होतं, कारण प्रघात तसाच आहे: सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं काढून परदेशी आवृत्तीत वाद्यसंगीत टाकतात. गेमच्या आराखड्याच्या कागदांतही गाण्याचा उल्लेख फक्त या दोन ठिकाणी होता.

बैठक चारला होती. दीडला, म्हणजे पुण्यातल्या दहाला, चाचणी टीमशी रोजचा कॉल होता. पुण्यात जपानी शिकलेली मंडळी चिकार, आणि आमची ही टीम मूळ जपानी आवृत्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून भाषेच्या अडचणी नोंदवत होती. त्यांच्या नोंदींत एक ठरलेली तपासणी असते: जे काही बदलण्याजोगं म्हणून लिहिलंय ते बंद करून खेळून बघायचं. टीम लीडने गाण्याची फाइल काढून तिच्या जागी शांतता ठेवली होती.

"मॅडम, गाणं काढलं तर सातवा अध्याय पुढे सरकत नाही," तो म्हणाला. "क्रॅश होत नाही, पण शेवटची लढाई जिंकताच येत नाही. व्हिडिओ टाकलाय, बघून घ्या."

व्हिडिओ बघितला. सातव्या अध्यायात नायिका हरवलेलं गाणं गावोगावच्या लोकांकडून तुकड्यातुकड्याने गोळा करते. कुणी कडवं गुणगुणतं, कुणी एकच ओळ सांगतं. शेवटच्या लढाईत तेच शीर्षकगीत पूर्ण वाजतं आणि शत्रूची पाळी गाण्याच्या चार मात्रांच्या आवर्तनावर चालते. कडव्यातला एक शब्द गाळला जातो, त्या क्षणी समोरच्या चार शब्दांतून बरोबरचा निवडला की शत्रूची ढाल उतरते. वेळ मोजायला घड्याळ वापरलेलं नव्हतं. प्रोग्राम गाण्याच्या फाइलीतली वाजण्याची जागा वाचत होता. फाइल बदलली की जागा चुकते, ढाल उतरत नाही. गोळा केलेल्या तुकड्यांत नायिकेला आवाज देणाऱ्या कलाकाराने तीच चाल गायली होती, म्हणजे चालीचा आणि शब्दांचा हक्क आणखी अकरा प्रसंगांत पसरला होता. रचना फार सुंदर आहे. ज्याने केली त्याला गेम आणि गाणं दोन्ही नीट कळत होतं. आणि तिच्यामुळेच गाणं बदलणं म्हणजे अध्याय नव्याने करणं झालं.

अडीच तास हातात होते. हक्क विभागाने करार उघडला. गाण्यात दोन हक्क असतात हे बाहेर फारसं लक्षात घेतलं जात नाही: शब्द-चालीचा एक, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिला जपानात जासराक या संस्थेमार्फत किंवा संगीत-प्रकाशकाकडून सुटतो. दुसरा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. मूळ करारात प्रदेश जपान एवढाच होता. जपानातल्या नव्या आवृत्तीला रेकॉर्ड कंपनी आनंदाने तयार होती. परदेशी हक्क मात्र मधल्या काळात दुसऱ्या कंपनीकडे गेले होते, आणि तिच्याकडून आधीच आलेलं उत्तर फाइलीत होतं: परवानगी मिळेल, पण पाच वर्षांपुरती. तोवर ते कुणाला महत्त्वाचं वाटलं नव्हतं, कारण गाणं बदलायचंच होतं.

पाच वर्षांची मुदत डाउनलोड विक्रीत फार जाचक ठरते. मुदत संपली की नवी बोली करायची, नाही जमली तर गेम दुकानातून उतरवायचा. 'अॅलन वेक' हा फिनलंडचा गेम २०१७ च्या मे महिन्यात गाण्यांच्या परवान्यांपायीच विक्रीतून काढावा लागला होता आणि परवाने नव्याने मिळाल्यावर २०१८ मध्ये परतला. रोल-प्लेइंग गेमची कमाई पहिल्या महिन्यात होते ती थोडी. उरलेली वर्षानुवर्षं सवलतींच्या काळात हळूहळू जमते. आमच्या तक्त्यात इंग्रजीचा खर्च चौथ्या वर्षी भरून निघत होता. पाचव्या वर्षी गेम उतरला तर हाती एका वर्षाची कमाई.

बैठकीत दोन पर्याय मांडले. पहिला, पाच वर्षांची परवानगी घेऊन गेम काढायचा आणि नूतनीकरणाची जोखीम पत्करायची. दुसरा, नवं गाणं करून अध्याय बदलायचा: गाणं, अकरा प्रसंगांचं पुन्हा ध्वनिमुद्रण, ओठांच्या हालचाली, लढाईचा वेळ गाण्यापासून सोडवून घड्याळावर नेणं, आणि स्विच व पीसी दोन्हींवर त्या अध्यायाची पहिल्यापासून चाचणी. दुसऱ्याचा खर्च निम्म्या भाषांतराएवढा झाला. निर्मात्याने दुसरा पर्याय स्वतःच नाकारला. "ते गाणं बदललं तर तो हा गेम राहत नाही," एवढंच ते म्हणाले, आणि मला ते पूर्ण पटलं. विक्री विभागाने पहिला नाकारला. त्यांचं म्हणणंही चूक म्हणता येत नव्हतं.

कुणीतरी विचारलं, चाहत्यांनी केलेलं भाषांतर आहे ना, तेच घेतलं तर खर्च उतरेल. हा प्रश्न हल्ली प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. फाल्कॉमच्या 'ट्रेल्स फ्रॉम झीरो' आणि 'ट्रेल्स टू अॅझ्युर' या गेमांच्या २०२२ आणि २०२३ च्या अधिकृत इंग्रजी आवृत्त्या जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाच्या कामावर उभ्या आहेत. पण तिथं गट संघटित होता, प्रत्येकाशी करार करता आला. आमच्या गेमचं चाहत्यांचं भाषांतर अनेकांनी अनेक वर्षांत, टोपणनावांनी केलेलं. सगळ्यांची सही मिळवणं अशक्य. आणि त्याने गाण्याचा प्रश्न सुटत नव्हताच. चाहत्यांच्या आवृत्तीत गाणं मूळचंच आहे.

निर्णय झाला: सध्या फक्त जपानी आवृत्ती. माझी एक मागणी मान्य झाली, की प्रोग्रामरांचे ६० दिवस कापायचे नाहीत. खण मोकळे करणं, संदेश सुटे करणं, मजकूर कोडमधून बाहेर काढणं हे सगळं जपानी आवृत्तीतच करून ठेवायचं. अक्षर काढणारा भाग उघडलेला असतानाच ते स्वस्तात होतं. नंतर पुन्हा उघडायचा तर पूर्ण चाचणी आणि कन्सोलवाल्यांची मंजुरी नव्याने. आज मोठे जपानी गेम जगभर एकाच दिवशी निघतात ते याच शिस्तीमुळे. ज्या 'ट्रेल्स इन द स्काय'चं इंग्रजी यायला २००४ पासून २०११ उजाडलं, त्याची नवी आवृत्ती २०२५ च्या सप्टेंबरात सगळीकडे एकदम आली.

हक्क विभागाने नव्या गेमांच्या करारांचा मसुदा त्याच आठवड्यात बदलला. गाण्याच्या करारात 'प्रदेश: सर्व, माध्यम: सर्व, मुदत: गेमच्या विक्रीइतकी' हे कलम आता सुरुवातीलाच मागतात, गाणं अजून तयार व्हायचं असतं तेव्हा त्याची किंमत थोडी वाढते, दहा वर्षांनी मागायला गेलं तर अनेक पटींनी. गाण्याच्या फाइलीतून वेळ वाचायचा नाही, असा नियम प्रोग्रामरांनी लिहून घेतला. जुन्या गेमची फाइल बंद केलेली नाही. परदेशी हक्क असलेल्या कंपनीचा आणि जपानी रेकॉर्ड कंपनीचा आपसातला करार ज्या महिन्यात नूतनीकरणाला येतो तो महिना तिच्यावर लिहिला आहे, आणि बोलणी त्याच्या सहा महिने आधी सुरू करायची आहेत.